कोरा दाखला आणि जनरल रजिस्टर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतेस ते एकदा सगळ्यांना सांग. आमच्यापैकी कुणालाच ते कळलेलं नाही." खरं आहे. मी 'नेटवर्क ऑटोमेशन' करते असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "आमचं वायफाय चालत नाही, जरा बघतेस का?" आणि दुसरा, "ऑटोमेशन म्हणजे माणसं कमी करायचं काम ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. राउटर बंद करा, मनात वीस अंक मोजा, परत चालू करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी काम काय आहे ते सांगावं लागेल. बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत तसं, आधी व्याख्या आणि मग उदाहरण.

मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात, बँकेत प्रत्येक मजल्यावर एका कपाटात लोखंडी चौकटीत बसवलेल्या चपट्या पेट्या असतात. त्यांना चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकं असतात आणि प्रत्येक भोकात एक केबल. ही पेटी म्हणजे स्विच. टेबलावरचे कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर, फोन हे सगळे तिला जोडलेले असतात. आणि राउटर म्हणजे आपला चौक फाटा. कर्जतला जायचं असेल तर इकडे वळा, पनवेलला जायचं असेल तर तिकडे, हे तो प्रत्येक निरोपाला सांगतो.

आता या पेट्या बाजारातून आणल्या की आपोआप शहाण्या नसतात. प्रत्येकीला सांगावं लागतं की तुझं नाव काय, तुझा पत्ता काय, कुठल्या भोकात कोण बसणार, कुणाला कुणाशी बोलायची परवानगी आहे. या सूचनांना आम्ही कॉन्फिगरेशन म्हणतो. आपली शाळा आठवा. एकच इमारत, तेच बाक, पण सकाळी प्राथमिकची मुलं आणि दुपारी माध्यमिकची. एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही. स्विचमध्ये असंच करता येतं. त्याच तारांवरून हिशेब विभाग, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय असे तीन वेगळे वर्ग चालवता येतात. त्या प्रत्येक वर्गाला व्हीलॅन म्हणतात आणि त्याला एक क्रमांक असतो.

समजा एका कंपनीत दोनशे स्विच आहेत आणि उद्या एक नवा व्हीलॅन काढायचा आहे. जुनी पद्धत अशी की एका स्विचला जोडून घ्यायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, पाच-सहा ओळी टाईप करायच्या, तपासायचं, जतन करायचं, बाहेर पडायचं. एकाला सहा मिनिटं धरली तर दोनशेला वीस तास. आणि हे काम दिवसा करता येत नाही, कारण लोक कामावर असतात. म्हणून शनिवारी रात्री बारानंतर. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची इंजिनिअर झाले २००३ मध्ये आणि त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं माझे असे किती शनिवार गेले ते मोजलेले नाहीत.

वेळ जातो हा त्रास लहान. मोठा त्रास म्हणजे माणूस दीडशेव्या स्विचपर्यंत पोचतो तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. आमच्या धंद्यात एक प्रसिद्ध खड्डा आहे, जगभरच्या नेटवर्कवाल्यांना तो माहीत आहे. दोन स्विचना जोडणाऱ्या तारेवरून कुठकुठले व्हीलॅन जाऊ द्यायचे याची यादी असते. त्या यादीत तीस नंबर वाढवायचा असेल तर सिस्को कंपनीच्या स्विचवर आज्ञेत 'अ‍ॅड' हा शब्द लिहावा लागतो. तो विसरला तर स्विच तक्रार करत नाही. तो असं समजतो की जुनी यादी पुसून टाकायची आणि फक्त तीस ठेवायचा. वर्गशिक्षकांनी सांगावं, "हजेरीपटात या मुलीचं नाव वाढव," आणि मॉनिटरने बाकी सगळी नावं खोडून तिचं एकटीचं ठेवावं, तसं. क्षणात त्या तारेपलीकडचा सगळा मजला बंद पडतो. अनेकदा ज्या वाटेने तुम्ही स्विचमध्ये शिरलात तीच वाट बंद होते, आणि मग त्या कपाटापर्यंत चालत जाण्याशिवाय उपाय उरत नाही. कपाट तुमच्या शहरात असलं तर ठीक!

यावरचा इलाज आपल्या शाळेच्या कार्यालयात पूर्वीपासून आहे. गंमत करत नाही. बोनाफाईड दाखला आठवतो ना? एसटीच्या पाससाठी, स्कॉलरशिपसाठी आपण रांगेत उभे राहायचो. क्लार्क भाऊसाहेबांकडे छापील कोरा दाखला असायचा. "दाखला देण्यात येतो की कुमार/कुमारी अमुक, इयत्ता तमुक, या शाळेची विद्यार्थिनी असून तिची जन्मतारीख..." मजकूर कायम, जागा रिकाम्या. आणि शेजारी ते जाडजूड जनरल रजिस्टर. भाऊसाहेब रजिस्टरमध्ये बघायचे आणि रिकाम्या जागा भरायचे. प्रत्येक मुलासाठी नवीन वाक्यरचना करत बसायचे नाहीत. म्हणून तर मुलगा अभ्यासात कच्चा असो की पक्का, दाखला सगळ्यांचा सारखा यायचा.

नेटवर्क ऑटोमेशन म्हणजे नेमकं हेच. एक कोरा दाखला, त्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. एक रजिस्टर, म्हणजे प्रत्येक स्विचचं नाव, पत्ता आणि माहिती नीट ओळीने लिहिलेली एक साधी फाईल. आणि रजिस्टरमधून वाचून दाखला भरणारा, तो स्विचपर्यंत नेऊन पोचवणारा एक प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा पायथन नावाच्या भाषेत लिहितात. गुइडो व्हान रॉसम नावाच्या डच माणसाने ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. कोऱ्या दाखल्यासाठी जिंजा नावाचं साधन आहे. स्विचशी सुरक्षित बोलणं करून देणारं नेटमिको आहे, ते कर्क बायर्स यांनी केलं. आणि अ‍ॅन्सिबल नावाचं एक साधन २०१२ मध्ये आलं, त्यात तर प्रोग्रॅम न लिहिता नुसत्या यादीच्या रूपात काम सांगता येतं. ही सगळी साधनं फुकट मिळतात. इंटरनेट असलं की झालं.

कल्पना मात्र जुनी आहे. १९९० मध्ये अमेरिकेत डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचं साधन केलं. समोरचं यंत्र काय विचारतं त्याची वाट बघायची आणि ठरलेलं उत्तर द्यायचं. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, तसंच. त्याच्याही मागे जायचं तर टेलिफोन एक्स्चेंज. आधी बाई बसायच्या, "कुठला नंबर पाहिजे?" विचारून हाताने तार जोडायच्या. अमेरिकेत अल्मन स्ट्रॉजर नावाच्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या माणसाने आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं. आपल्याकडे सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लाइनचं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं. त्याला एअर कंडिशनर लागत नव्हता, धूळ आणि उकाडा सोसत होतं. १९८६ मध्ये ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलं. पुढे गावोगावी एसटीडीचे पिवळे बोर्ड दिसू लागले, त्यामागे अशा एक्स्चेंजचा मोठा हात आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा आमची बॅच नववीत होती. झेंडावंदन करून, गोळ्या घेऊन घरी गेलो. त्या दिवशी असं काही झालं याचा पत्ताही आम्हाला नव्हता.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

माझे बाबा रसायनी भागातल्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. ऑपरेटर म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारे. शिफ्टमध्ये दर तासाला टॉर्च घेऊन फेरी मारायची, गेज बघायचे, वहीत आकडे लिहायचे, कुठे वाढवायचं कुठे कमी करायचं ते हाताने करायचं. पाइपवर नुसता हात ठेवून आत काय चाललंय ते ते सांगायचे. मी सातवी-आठवीत असेन तेव्हा तिथे कंट्रोल रूम झाली. काचेची खोली, गार हवा, पडदे. पडद्यावर बघायचं आणि बटण दाबायचं, की लांबचा व्हॉल्व्ह आपोआप फिरायचा. त्या खोलीत बसायचं प्रशिक्षण फक्त डिप्लोमावाल्या नव्या मुलांना दिलं गेलं. बाबांना विचारलंही नाही. त्यांची नोकरी गेली नाही, पण शेवटची काही वर्षं त्यांनी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत काढली.

बाबांचा राग त्या यंत्रावर कधीच नव्हता. रात्रपाळीला फेरी मारताना पावसात भिजावं लागत नाही, वाफेजवळ जावं लागत नाही, हे चांगलंच झालं असं ते म्हणायचे. ते फक्त एवढं म्हणायचे, "मला विचारलं असतं तर मी शिकलो असतो." आणि एक गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितलेली मला आठवते. पावसाळ्यात पडद्यावर एखादा आकडा वेडावाकडा दिसायला लागला की तीच डिप्लोमावाली मुलं स्टोअरमध्ये यायची आणि विचारायची, "काका, तो दुसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह पावसात अडकतो का हो?" अडकायचा. ते बाबांना माहीत होतं, पडद्याला माहीत नव्हतं.

२०१९ च्या सुमाराला आमच्या धंद्यातही कंट्रोल रूम येणार हे दिसायला लागलं. नेटवर्कच्या नोकरीसाठी जगभर मानली जाणारी सीसीएनए नावाची परीक्षा आहे. फेब्रुवारी २०२० पासून तिच्या अभ्यासक्रमात ऑटोमेशनचा भाग आला. परीक्षेत आलं म्हणजे नोकरीत येणार, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. माझं वय तेव्हा अडतीस. पदवीच्या वेळी शिकलेलं सी प्रोग्रॅमिंग मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले होते. मला कुणी विचारेल याची वाट मी बघणार नव्हते. बाबांचं वाक्य माझ्या कानात होतं.

पुढे टाळेबंदी आली. सगळे घरात. रात्री जेवणं-भांडी आटोपली की साडेदहाला मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी लॅपटॉप ठेवायची. पायथनमध्ये ओळ कुठून सुरू होते याला फार महत्त्व आहे. आत घ्यायची ओळ आत घेतली नाही तर तो चालतच नाही. वहीत समास न सोडल्याबद्दल आपण हातावर छड्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. (हशा.) मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक गंमत सांगते. पायथनच्या आजच्या आवृत्तीत माहिती साठवायच्या डब्याला देवनागरीत नाव देता येतं. 'विद्यार्थी' असं सरळ लिहा, तो समजतो. देवनागरीत लिहिलेला आकडा अवतरणचिन्हात दिला तरी त्याची तो संख्या करून देतो. मी हे पहिल्यांदा करून बघितलं त्या रात्री घरातल्यांना उठवून दाखवलं.

शिकण्याचा क्रम मी मुद्दाम सांगते, कारण आज इथे डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगला असलेली मुलंही बसली आहेत. पहिले दोन महिने मी कुठल्याही स्विचमध्ये काहीही बदललं नाही. फक्त वाचलं. माझा पहिला उपयोगी प्रोग्रॅम वीसेक ओळींचा होता. स्विचची यादी घ्यायची, एकेकाला जोडून घ्यायचं, 'शो व्हर्जन' म्हणजे 'तुझी ओळख सांग' असं विचारायचं, उत्तर तारखेसह फाईलमध्ये ठेवायचं. दुसरा प्रोग्रॅम रोज रात्री प्रत्येकाच्या सूचनांची प्रत काढून ठेवणारा. तिसरा, कालची आणि आजची प्रत ताडून कुठे फरक पडला ते सांगणारा. एवढ्याच तीन गोष्टींनी निम्मं काम हलकं झालं, आणि त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. मग कोरा दाखला. तो आधी खऱ्या स्विचवर पाठवायचा नाही, लॅपटॉपमध्ये खोटं नेटवर्क उभं करायचं आणि तिथे करून बघायचं. जीएनएस३ किंवा पॅकेट ट्रेसर नावाची साधनं त्यासाठी फुकट मिळतात. शेवटी खरा बदल, तोही आधी एका स्विचवर, मग पाचांवर, मग पन्नासांवर.

यात दोन गोष्टी कळायला मला वेळ लागला, त्या सांगते.

पहिली गोष्ट सूचना कशी द्यायची याबद्दल. बाई रोज म्हणायच्या, "फळ्यावर तारीख लिही." समजा त्या दिवशी दोघींनी ऐकलं, तर फळ्यावर दोनदा तारीख. पण बाई म्हणाल्या, "फळ्यावर आजची तारीख असू दे," तर दुसरी मुलगी बघेल की तारीख आहे, आणि गप्प बसेल. चांगला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या सूचनेवर चालतो. काय कर, हे सांगायचं नाही. शेवटी काय असायला हवं, ते सांगायचं. आहे का बघ, नसेल तरच कर. असा प्रोग्रॅम एकदा चालवा की दहादा, परिणाम तोच राहतो. अ‍ॅन्सिबलसारख्या साधनांची सगळी मांडणी यावर आहे.

दुसरी गोष्ट रजिस्टरबद्दल. आपल्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. क्लार्कने मनाने खाडाखोड केलेली चालत नाही. आमचं रजिस्टर चुकलं तर चुकीचा दाखला एका मुलाला जात नाही, दोनशे स्विचना एका मिनिटात जातो. म्हणून त्या फाईलमध्ये कुणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद ठेवणारं गिट नावाचं साधन वापरतात, आणि दुसऱ्या माणसाने वाचून सही दिल्याशिवाय बदल पुढे जात नाही.

यंत्राने काम झटपट होतं तसं नुकसानही झटपट होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. नऊ वाजून गेले होते आणि सगळ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी चर्चा काय तर, "मला वाटलं माझाच रिचार्ज संपला." फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, जगभर सहाएक तास बंद. कंपनीने नंतर स्वतःच कारण सांगितलं. नेहमीच्या देखभालीत एक आज्ञा दिली गेली आणि तिने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं सगळं जाळंच तोडलं. अशी चुकीची आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण त्या तपासणीतच दोष निघाला. आणि दुरुस्तीची साधनं त्याच जाळ्यावर असल्यामुळे तीही मिळेनात. माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरायलाही वेळ गेला.

म्हणून जुन्या लोकांची एक युक्ती मी प्रत्येक नव्या मुलाला आधी शिकवते. विहिरीत उतरण्याआधी दोर बांधून घ्यायचा. बदल करण्याआधी राउटरला सांगून ठेवायचं, "दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन परत चालू हो." नवीन सूचना जतन करायच्या नाहीत. बदल नीट झाला तर ती आज्ञा रद्द करायची आणि मग जतन करायचं. आपण बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी राउटर उठतो, जुन्या सूचना वाचतो आणि दार पुन्हा उघडतं. ज्युनिपर कंपनीच्या राउटरमध्ये तर ही सोय मुळातच आहे. बदल केल्यावर ठरलेल्या वेळात तुम्ही 'हो, ठीक आहे' असं पुन्हा सांगितलं नाही तर तो आपणहून आधीच्या स्थितीला जातो. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. आमच्या टीममधल्या पन्नाशीच्या एका सहकाऱ्यांनी शिकवली. त्यांना पायथनचं एक अक्षर येत नव्हतं.

आता तो कठीण भाग. माझे प्रोग्रॅम चालू लागले. शनिवारच्या रात्री रिकाम्या झाल्या. सगळे खूश. आणि मग एके दिवशी बैठकीत वरून विचारणा झाली की हे काम नऊ माणसांनी का करायचं, चार पुरे नाहीत का? पुरावा म्हणून पडद्यावर जो तक्ता दाखवला गेला तो मीच बनवला होता, किती तास वाचले त्याचा. मला त्या क्षणी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजणारे बाबा दिसले, आणि त्या काचेच्या खोलीत आता मी बसले होते.

मी दोन गोष्टी मागितल्या. सहा महिन्यांची मुदत, आणि नऊच्या नऊ जणांना शिकवायची परवानगी. परवानगी मिळाली. रोज सकाळी एक तास. मी शिकवायचे आणि ते मला नेटवर्क शिकवायचे. कुठल्या इमारतीतला कुठला स्विच जुना आहे, कुठली तार नकाशात एक आहे आणि प्रत्यक्षात दुसरी आहे, महिनाअखेरीला हिशेब विभागाच्या मजल्याला हात लावायचा नाही, हे कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. ते सगळं आम्ही रजिस्टरमध्ये आणलं. पावसात अडकणारा व्हॉल्व्ह कोणता, ते पहिल्यांदा पडद्याला सांगितलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. नऊपैकी सहा जण आज त्याच कामात आहेत आणि स्वतः प्रोग्रॅम लिहितात. दोघे दुसऱ्या विभागात गेले, त्यांच्या खुशीने. एक जण नोकरी सोडून गेले. त्यांना शिकायचं नव्हतं असं नाही, पण घरी आजारपण होतं, सकाळचा तो एक तास त्यांना जमत नव्हता. तेव्हा "ऑटोमेशनने माणसं कमी होतात का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: टायपिंगचं काम कमी होतंच. माणूस कमी होतो की नाही, हे त्याला कुणी विचारलं का आणि शिकायला वेळ दिला का, यावर बरंचसं ठरतं. ते यंत्र ठरवत नाही. ते आपल्यासारखीच माणसं बैठकीत बसून ठरवतात. आज या सभागृहात कारखान्यांचे मॅनेजर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, स्वतःचं वर्कशॉप चालवणारे आहेत. तुमच्या टेबलावर असा तक्ता येईल तेव्हा वाचलेल्या तासांच्या शेजारी एक रकाना वाढवा: कुणाला काय शिकवलं.

आता शाळेसाठी एक विनंती आणि एक कबूल करते ते काम. आपल्या संगणक कक्षात मुलं चित्र काढायला आणि टाईप करायला शिकतात. त्याच्या पुढची पायरी आपण देऊ शकतो. ऑफिसांमधून जुने झाल्यावर काढून टाकलेले स्विच भंगाराच्या भावात मिळतात, चालू स्थितीत असतात. तसे दोन स्विच मी स्वतः आणून देते. महिन्यातून दोन शनिवार दुपारी मी येईन. नववी-दहावीची मुलं, आणि ज्यांची दहावी होऊन गेली, आयटीआय किंवा डिप्लोमा चालू आहे किंवा मध्येच सुटला आहे, तेही चालतील. मुलींनी जास्त यावं. शिकवायला मी एकटी पुरणार नाही. आपल्याच माजी विद्यार्थ्यांमध्ये टेलिफोन खात्यात काम केलेले, कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलवर बसलेले, केबलचा धंदा करणारे आहेत. आज जेवणाच्या वेळी मी एक वही घेऊन दाराजवळ बसणार आहे. नाव आणि कुठला शनिवार जमेल ते लिहा. वहीत समास आखलेला आहे.

आणि एक. पालक झालेल्या माझ्या वर्गमित्रांनो, घरात आई किंवा बाबा मोबाइल घेऊन तुमच्याकडे येतात, "हे कसं करायचं रे, सांग ना," म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातातून मोबाइल घेऊन तुम्ही करून देऊ नका. पाच मिनिटं जास्त लागतील, पण त्यांच्या बोटाने करू द्या. माझे बाबा आता पंच्याहत्तरीला आले आहेत. त्यांनी मागच्या वर्षी स्वतःचं वीजबिल फोनवरून भरलं आणि पावतीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "विचारलंस, म्हणून शिकलो."

आम्हाला व्याख्या पाठ करायला लावून मग त्या का पाठ केल्या ते समजावणाऱ्या सर्व गुरुजनांना माझा नमस्कार. वीस मिनिटं दिली होती, मी पंचवीस घेतली. घंटा वाजवल्याबद्दल शिपाई काकांचे आभार. जेवण तयार आहे, आणि वही दाराजवळ आहे.